गाडीत हळू बोलायचं न्हाई

ज्यांना स्वतःला शांत बसता येत नाही अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. माझा थोरला भाऊ तसाच आहे, आमच्या गल्लीतला इस्त्रीवालाही तसाच आहे. पण दुसऱ्या कुणालाही शांत बसू न देणारं माणूस मी जन्मात एकच पाहिलं, ते म्हणजे आमच्या गाडीवाल्या मॅडम. खरं तर त्यांना विज्ञानाच्या मॅडम म्हणायला हवं, नेमणूक त्या विषयाची होती. पण लातूरहून शिरूर अनंतपाळच्या पलीकडच्या आमच्या शाळेपर्यंत आणि संध्याकाळी परत, अशा त्या आम्हा चार मास्तरांना स्वतःच्या सात सीटच्या गाडीतून नेत-आणत असत. त्यामुळे गावात पहिलीतल्या पोरापासून सरपंचापर्यंत सगळे त्यांना गाडीवाल्या मॅडमच म्हणत. वय पन्नाशीच्या आसपास. उंची बेताची, इतकी की रस्ता दिसावा म्हणून त्या सीटवर उशी टाकून बसत. माहेर किनवटकडचं, वडील रेल्वेत गँगमन. "माझा जन्मच रुळाच्या बाजूला झाला, थांबायची सवयच न्हाई," असं त्या मोठ्या अभिमानाने सांगत. रुळाच्या बाजूला जन्मलेली बाकीची माणसं अधूनमधून थांबतात, हे त्यांना सांगायची हिंमत आमच्यापैकी कुणाला झाली नाही.

स्टाफरूममध्ये त्यांच्या नावाची खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांची पर्स बसायची. मॅडम चहा उभ्याने प्यायच्या, डबा फिरता फिरता खायच्या आणि पेपर तपासायच्या ते खिडकीच्या कट्ट्यावर. दर पाच पेपरांनंतर खिडकी बदलायची. वर्गात त्या इतक्या फिरत की सातवीच्या पोरांनी एकदा तक्रार केली होती, मॅडमचा तास झाला की मान दुखते. रविवारी शाळा नसे, तेव्हा त्या घरातलं फर्निचर हलवत. त्यांचे यजमान वीज मंडळात होते. अत्यंत शांत गृहस्थ. मी एकदा घरी गेलो तेव्हा ते ज्या दिवाणावर बसले होते तो दिवाण स्वयंपाकघराच्या दारात होता. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "सोमवार आला की बरं वाटतं बघा. कपाट एका जागी ऱ्हातंय."

मी त्या गाडीत कसा शिरलो हे सांगितलं पाहिजे. त्याआधी नऊ वर्षं मी मोटरसायकलवर एकटा जात-येत होतो. आमच्याकडे अशा मास्तरांना अप-डाऊनवाले म्हणतात. त्यांचं शरीर साडेदहाला शाळेत पोचतं, मन पाच वाजता निघायच्या तयारीत आधीपासूनच फाटकाशी उभं असतं. मी मराठी शिकवत होतो आणि बरं शिकवत होतो, त्यात खोट नव्हती. पण आमच्या संस्थेची एक शाळा लातुरात, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि दर जूनमध्ये मी तिथं बदली मिळावी म्हणून अर्ज करत असे. मग वर्षभर उत्तराची वाट बघत असे. अशा वाट बघण्याने माणूस कुठंच नीट राहत नाही, घरीही नाही आणि शाळेतही नाही. स्टाफमध्ये कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाचं ऑपरेशन झालं, हे मला सगळ्यांत शेवटी कळायचं. एका सकाळी नाक्यावर मॅडमनी गाडी माझ्या मोटरसायकलला आडवी घातली. काच खाली करून म्हणाल्या, "सर, तुमी एकटे जाता, एकटे येता, डबा एकटे खाता. उद्या तुमची बदली झाली तं आमाला कळंल कसं? आधी वळख तं होऊ द्या!" मागं ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी मोटरसायकल नाक्यावरच्या पानटपरीमागं लावली आणि गाडीत बसलो. फक्त त्या दिवसापुरता.

गाडीचे नियम होते. आत शिरताच मोबाईल स्टीलच्या डब्यात टाकायचे, डबा मॅडमच्या पायाशी. पुढच्या डाव्या सीटवर फक्त ड्रॉइंगचे सर बसणार. ते आमच्यात सगळ्यांत वडीलधारे, निवृत्तीला साडेतीन वर्षं राहिलेले, बोलायला अगदी कमी. मधल्या सीटवर हिंदीचे सर आणि पीटीचे सर, मी एकटा मागं. हिंदीचे आणि पीटीचे सर सहा महिन्यांपासून एकमेकांशी बोलत नव्हते. स्नेहसंमेलनात पीटीच्या सरांनी आभार मानताना मांडववाल्याचं नाव घेतलं, लाऊडस्पीकरवाल्याचं घेतलं आणि नाटक बसवणाऱ्या हिंदीच्या सरांचं विसरले, एवढंच कारण. मॅडमनी मुद्दाम दोघांना शेजारी बसवलं होतं. "भांडायचं असंल तं मांडीला मांडी लावून भांडा. लांबून भांडणं लई वाढतंय." आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे गाडीत हळू बोलायचं नाही. कुणी जरा आवाज खाली आणला की मॅडम स्टेअरिंगवर थाप मारत, "मोठ्यानं! काय चोरी करून राहिले का?" त्यामुळे आमची गाडी रस्त्याने जायची ती जत्रेतल्या पाळण्यासारखी ओरडत. डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती होती. तिच्या चेहऱ्यावर होती तेवढीच काय ती त्या गाडीतली शांतता. पहिल्या आठवड्यात माझं डोकं दुखलं. महिन्याभराने मी घरी बायकोशी इतक्या मोठ्याने बोलू लागलो की शेजारीण विचारायला आली, काही बिनसलंय का.

असल्या बाईला एक ऑनलाइन फॉर्म भरायला लावणं ही चूकच होती, पण ती हेडसरांची नव्हे, वरून आलेल्या लिंकची. फॉर्मचं नाव लांबलचक होतं, कर्मचारी सहभाग, समाधान आणि आणखी काहीतरी. तुम्ही आपल्या कामाबाबत समाधानी आहात का? शाळेत तुमचा कुणी जिवलग सहकारी आहे का? हेडसर भले पण भित्रे गृहस्थ. त्यांनी आम्हाला कॉम्प्युटरच्या खोलीत रांगेने बसवलं आणि सांगितलं, "समदीकडं होय म्हणा, जेवणाच्या सुट्टीच्या आत पाठवायचं हाय." आम्ही पाच मिनिटांत होय म्हणून मोकळे झालो. जिवलग सहकाऱ्यापुढे होय दाबताना कुणाचं नाव मनात आहे याचा मी विचारसुद्धा केला नाही. मॅडम मात्र उभ्याने, वाकून, चाळीस मिनिटं टंकत होत्या. समाधानी आहात का, यापुढे त्यांनी नाही लिहिलं होतं. कारणाच्या चौकटीत लिहिलं होतं, "समाधानी झाले असते तर रोज एवढ्या लांब आले असते का?" आणखी काय सुचवाल, यापुढे प्रयोगशाळेच्या गळक्या नळापासून स्टाफरूमच्या पंख्यापर्यंत सगळी यादी होती. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून फोन आला. हेडसरांना घाम फुटला. "मॅडम, एवढं एकदा होय म्हणा की! माझी पेन्शन जवळ आलीय." मॅडम म्हणाल्या, "मंग नळ दुरुस्त करा, लगेच होय म्हणते." आठ दिवसांत नळ दुरुस्त झाला. मॅडमनी पुन्हा फॉर्म भरला, आणि पुन्हा नाही लिहिलं, कारण पंखा राहिला होता.

असं दीड वर्ष गेलं. मी त्या दिवसापुरता बसलो होतो तो उतरलोच नव्हतो. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यानंतरची गोष्ट. संध्याकाळी परतताना घरणी नदीच्या पुलाच्या अलीकडं टायर पंक्चर झालं. आम्ही सगळे उतरलो. पीटीचे सर जॅक लावत होते, हिंदीचे सर त्यांच्याशी न बोलता त्यांना पाना देत होते, मॅडम गाडीभोवती गरागरा फिरत होत्या. ड्रॉइंगचे सर रस्त्याच्या कडेला जाऊन पाठमोरे उभे होते, पलीकडच्या सोयाबीन काढलेल्या रानावर ऊन पडलं होतं ते बघत. बघता बघता चार पावलं मागं सरकले आणि डांबरावर आले. मागून उसाची ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर येत होता. त्यानं हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला, मग वाजवतच राहिला. सर हलले नाहीत. त्यांच्या पाठीवरच्या शर्टाची एक सुरकुतीसुद्धा हलली नाही. मी "सर!" म्हणून ओरडलो आणि माझे पाय जागीच राहिले. मॅडम धावल्या. त्यांनी सरांच्या दंडाला धरून असं ओढलं की दोघंही रस्त्याकडेच्या चारीत पडले. ट्रॉली त्यांच्या चपलेवरून गेली. मॅडमची एक चप्पल रस्त्यावर चपटी होऊन पडली होती.

ट्रॅक्टरवाला थांबून शिव्या देत होता. ड्रॉइंगचे सर चारीतून त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्या बघण्यातच आम्हाला सगळं कळलं. त्यांना ऐकू येत नव्हतं. थोडंसं, अगदी जवळून, कुणी मोठ्याने बोललं तरच येत होतं. मॅडमना मी गाडीत यायच्या आधीपासून ठाऊक होतं. म्हणून पुढची सीट त्यांची. म्हणून ते ओरडणं. चौघांनी ओरडायचं म्हणजे एकासाठी ओरडतोय हे कुणाला कळायला नको. मॅडम साडीची माती झाडत आमच्याकडे वळल्या. त्या रागावल्या होत्या, पण कुणावर ते कळत नव्हतं. "कळलं न समद्यायला? आता गावभर डंका पिटू नका. चला, टायर लावा." उरलेलं तीस-पस्तीस किलोमीटर कुणी बोललं नाही. त्या गाडीत शांतता मी पहिल्यांदा अनुभवली आणि ती मला मुळीच आवडली नाही.

दुसऱ्या दिवशी सर स्वतःच बोलले, जेवणाच्या सुट्टीत, लिंबाखाली. "दोन वर्षं उरलीत. बहिरा मास्तर म्हणून जायचं नव्हतं मला. दवाखान्यात गेलो असतो, पण लातुरात समदे वळखतात. निम्मे डॉक्टर माझे विद्यार्थी हायेत. त्यायच्या वह्यात मी शेरे मारलेत." मॅडमनी एका दमात निर्णय दिला, "मंग नांदेडला जाऊ. तिथं तुमी कुणाला शिकवलेलं न्हाई." सर म्हणाले, घरी काय सांगू? "सहल हाय म्हणून सांगा. स्टाफची सहल. अन् खोटं कशाला, समदेच जाऊ." पीटीचे सर म्हणाले रविवारी मॅच आहे, हिंदीचे सर म्हणाले पाहुणे येणार आहेत, मी काहीतरी पुटपुटलो. मॅडम म्हणाल्या, "मोठ्यानं बोला!" मोठ्याने बोलण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं.

तो रविवार मी विसरणार नाही. पहाटे निघालो. अहमदपूरला चहा झाला, मॅडमनी तो गाडीभोवती फिरत घेतला. लोह्याच्या पुढे ड्रॉइंगचे सर म्हणाले, परत फिरू या, मला बरं वाटत नाही. मॅडमनी ऐकलं नाही. नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या त्या दवाखान्यात बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. सर कोपऱ्यात, चष्मा पुसत, पुन्हा पुन्हा पुसत. त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्यांनी उठायला नकार दिला. ऐकूच आलं नाही असं दाखवत होते की खरंच आलं नव्हतं, कोण जाणे. तेव्हा मॅडम खिडकीशी गेल्या आणि म्हणाल्या, "ताई, पाच नावं लिहा. आमी समदेच तपासून घेऊन राहिलो. शाळंचा स्टाफ हाय, पोरांच्या गोंधळानं कान कामातून गेलेत." आणि स्वतः पहिल्या आत गेल्या.

कानाची तपासणी एका लहानशा बंद खोलीत होते. कानाला हेडफोन लावतात, हातात बटण देतात, बारीक आवाज आला की दाबायचं. मॅडमना स्टुलावर बसून राहायला सांगितलं होतं, तेच त्यांच्यासाठी अवघड होतं. आवाज यायच्या आधीच त्या बटण दाबायच्या. आतल्या मुलीने काचेवर टकटक करून दोनदा दटावलं. मग मी गेलो. दार बंद झालं आणि इतकी निखळ शांतता झाली की मला माझाच श्वास ऐकू आला. खूप लांबून मुंगीएवढा आवाज येई आणि तो आला की आला नाही याची खात्री वाटेना. ड्रॉइंगचे सर रोज याच खोलीत बसून चित्रकला शिकवत होते, हे मला तिथं स्टुलावर कळलं. बाहेर आलो आणि सरांच्या शेजारी जाऊन बसलो.

पीटीचे सर बाहेर आले ते चेहरा पाडून. उजवा कान कमी निघाला होता. वीस वर्षं शिट्टी वाजवल्याने असेल, डॉक्टर म्हणाले. हिंदीचे सर एकदम उभे राहिले. "कोणता? उजवा?" दोन वर्षांत ते पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलत होते. "अहो, मी तुमच्या उजव्या बाजूला बसतो! दुसऱ्याच महिन्यात मी सॉरी म्हटलं होतं तुम्हाला. जास्तच ताणलं, माफ करा म्हटलं होतं. तुम्ही तोंड फिरवून खिडकीतून बघत बसलात!" पीटीचे सर त्यांच्याकडे वळले. "कधी म्हणले? मला काय सपान पडणार हाय का? मोठ्यानं म्हणायचं न!" "सॉरी काय ओरडून म्हणतात का कुणी?" सगळा दवाखाना हसायला लागला. ड्रॉइंगचे सर हसणाऱ्या चेहऱ्यांकडे बघत होते. काय झालं ते मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, आणि ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. मग आपणहून उठून त्या खोलीत गेले.

कानाचं मशीन पुढच्या रविवारी मिळालं, तेव्हाही आम्ही पाचही जण गेलो. परतताना मॅडम नेहमीसारख्या स्टाफरूमच्या पंख्यावर बोलत होत्या. अर्ध्या तासाने ड्रॉइंगचे सर हळूच म्हणाले, "मॅडम, जरा दमानं बोला. लई मोठं वाटायलंय." मॅडमनी गाडी बाजूला घेतली. काच पुसते म्हणून उतरल्या. काच स्वच्छ होती. त्या बराच वेळ ती पुसत राहिल्या, आणि आम्ही कुणी खाली उतरलो नाही.

सोमवारी आठवीच्या वर्गात एक मुलगी नेहमीसारखी टेबलापाशी येऊन, सरांच्या अगदी समोर उभी राहून शंका विचारू लागली. सर म्हणाले, जागेवरून विचार गं, आता ऐकू येतंय मला. ती म्हणाली, "आमाला पैल्यापासून ठाव हाय, सर. पण सवय लागलीय." पोरांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. हेडसरांनीही चौकशी केली नाही, फक्त सरांचा वर्ग रस्त्याकडच्या खोलीतून मागच्या शांत खोलीत हलवला. आणि त्या जूनमध्ये माझा बदलीचा अर्ज लिहायचा राहिला. ठरवून नव्हे. राहिला.

पुढच्या वर्षी संस्थेने मॅडमना बढती देऊन किनवटकडच्या निवासी शाळेवर मुख्याध्यापिका म्हणून पाठवलं. त्या आठवडाभर चिडल्या, मग एका रात्रीत सामान बांधलं. त्यांना पोचवायला आम्ही चौघेही गेलो, त्यांच्याच गाडीतून. शाळा जंगलाच्या कडेला. सगळा स्टाफ आवारातल्याच खोल्यांत राहणारा, रविवार असून एकेक जण आपापलं दार लावून बसलेला. मॅडम गाडीतून उतरल्या, पाणीसुद्धा न पिता पहिल्या दारापाशी गेल्या आणि कडी वाजवली. दुसऱ्याच्या दाराशी पोचेपर्यंत पहिला मास्तर शर्टाची बटणं लावत बाहेर आला होता. मला वाटलं, आता याचं काही खरं नाही. आणि त्याचा मला हेवाही वाटला.

दुपारी त्यांनी आम्हाला स्टेशनवर सोडलं. आगगाडी यायला वीस मिनिटं होती. मॅडम फलाटावर दोन फेऱ्या मारून म्हणाल्या, "मला हे थांबणं जमत न्हाई, मी निघते. तुमी नीट जा." आणि खरंच निघून गेल्या. नांदेडपर्यंत आम्ही खिडकीतून सागाची झाडं बघत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटरसायकल काढली होती. पण ती दारातच ठेवून नाक्यावर पायीच गेलो. तिथं पीटीचे सर उभे होते, त्यांच्याकडेही मोटरसायकल आहे. पाठोपाठ हिंदीचे सर आले, मग ड्रॉइंगचे सर.  शिरूरची बस आली, तुडुंब भरलेली. चौघांना चार टोकांना जागा मिळाल्या. मी पुढं, एका म्हाताऱ्या बाईच्या गाठोड्याशेजारी. शिरूर येईपर्यंत मी तीनदा मान वळवून मागं बघितलं. तिन्ही वेळा त्या तिघांपैकी कुणी ना कुणी माझ्याकडेच बघत होतं.